मग ते पाणी गेले कुठे? : अद्भुत कथेतील मंत्र आणि यंत्र

गेल्या वर्षी वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मी एक कथा लिहिली होती. कथा पळसदेवची. उजनीच्या पाण्याखाली गेलेले जुने गाव एका मांत्रिकाच्या मंत्राने आणि एका पोराने भंगारातून जुळविलेल्या इंजिनाच्या जोरावर पुन्हा वर येते, पळसनाथाच्या देवळात दिवा लागतो आणि सगळे गावकरी आपापल्या घरी परत जातात, अशी ती कथा. मला ती फार आवडली होती. मित्रांनाही आवडली, निदान तोंडावर तरी ते तसे म्हणाले. आमच्या सरांनी मात्र ती वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, "कथा छान आहे. पण मग ते पाणी गेलं कुठे?"

मी म्हणालो, "सर, मंत्रानं नाहीसं झालं."

"उजनी भरली म्हणजे एकशे सतरा टीएमसी पाणी असतं तिच्यात. ते सगळं नाहीसं झालं, तर सोलापूरनं उद्या प्यायचं काय?"

मला राग आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परीकथेतल्या भोपळ्याची गाडी होते, तेव्हा भोपळ्याच्या बियांचे काय झाले असे कोणी विचारीत नाही. मग माझ्याच कथेला हा पाटबंधाऱ्याचा हिशेब का? पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मंत्र आणि यंत्र एकाच कथेत नांदवायची असतील तर लेखकाने नेमके काय सांभाळावयाचे असते, याचा शोध घेत मी वर्षभर जे वाचले आणि जे आजूबाजूला पाहिले, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहू. इंग्रजी वाचून आलेल्या मनाला जादू आणि तंत्रज्ञान ही दोन टोके वाटतात. मराठीत मात्र ती एकाच घरात वाढलेली भावंडे आहेत. 'यंत्र' म्हणजे उसाच्या रसाचा चरक, आणि 'यंत्र' म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून देवघरात पुजलेली आकृतीही. 'तंत्र' हे साधकाचे, आणि तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाचेही. जयपूरच्या वेधशाळेला लोकांनी जंतरमंतर म्हटले. त्यातला जंतर म्हणजे यंत्रच. कळसूत्री बाहुलीतली 'कळ' दाबायची असते, आणि पोटात येते तीही कळच. (या शेवटच्या उदाहरणाचा विषयाशी संबंध नाही असे कोणी म्हणेल. मला तो आहे असे वाटते, आणि का ते पुढे येईल.) मंत्र, तंत्र, यंत्र हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. तेव्हा या दोन गोष्टींचा मिलाफ कसा साधावा हा प्रश्न मराठी लेखकाला पडूच नये, असे वरवर पाहता वाटते.

तरीही तो पडतो. मराठी कादंबरीच्या अगदी आरंभी तो वेगळ्या रूपात पडलेला दिसतो. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी १८६८ सालची. हळब्यांच्या 'मुक्तामाले'नंतर सात वर्षांनी आलेली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक अडचण मोकळेपणाने मांडली आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात, विशेषतः विवाहाच्या रीतींमुळे, चित्त वेधून घेईल असे फारसे काही घडतच नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात हे मत वास्तववादाच्या विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणून शिकविले. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. रिसबुडांच्या मते रोजचे जिणे एका बाजूला आणि अद्भुत दुसऱ्या बाजूला. त्यांना आमच्याकडचा मे महिना पाहावयास मिळाला असता, तर ही वाटणी त्यांनी कदाचित इतक्या सहज केली नसती.

त्यांच्याही कितीतरी आधीच्या कथाकारांनी ती केलेली नव्हती. गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने आपल्या पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली आहे. मूळ ग्रंथ हरवला, पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात त्या कथाभांडारावरून 'कथासरित्सागर' रचला. त्यात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीकरिता करंडी भरून लाकडी बाहुल्या घेऊन येते. कळ दाबली की एक बाहुली आकाशातून जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. सोमप्रभा स्वतः असुरकन्या आहे, आकाशातून ये-जा करणारी आहे. तिला बाहुल्यांची गरज काय, असा प्रश्न कथेत कोणाला पडत नाही. मंत्राने उडणारी मुलगी यंत्राने उडणारी बाहुली भेट देते, आणि दोन्ही खरे.

याच ग्रंथातली राज्यधराची कथा मला अधिक मोलाची वाटते. राज्यधर आणि प्राणधर हे दोघे सुतार भाऊ. प्राणधराने केलेले यांत्रिक हंस रात्री राजाच्या कोषागारात शिरून रत्ने चोरून आणीत. चोरी उघडकीस आल्यावर भाऊ पळाले, त्यांची ताटातूट झाली, आणि राज्यधर समुद्रकाठच्या एका ओसाड नगरात येऊन पोहोचला. नगर सुंदर, पण माणूस एकही नाही. मग त्याने लाकडाची माणसे घडवली. नरवाहनदत्त राजपुत्र तेथे येतो तेव्हा रस्त्यावर नगरजन वावरत असतात. सगळे जिवंत वाटतात, पण एकही बोलत नाही. त्या अख्ख्या नगरात बोलणारा एकटा राज्यधर.

"एकही बोलत नाही" एवढ्या एका गोष्टीवर ही कथा उभी आहे. सोमदेवाला त्या बाहुल्यांना बोलते करणे अवघड नव्हते. सोमप्रभेची बाहुली बोलतेच की. पण येथे त्याने सुताराच्या हातांना एक मर्यादा घातली, आणि त्या मर्यादेतून राज्यधराचे एकटेपण आपोआप उभे राहिले. यंत्राला काय येते यापेक्षा त्याला काय येत नाही, हे लेखकाने आधी ठरवावे, हा धडा मी येथे घेतला. माझ्या कथेतल्या इंजिनाला सगळेच येत होते.

भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथातही यंत्रांवर एक अध्याय आहे, आणि त्यात पाऱ्याच्या तापण्यावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन आहे. त्यावरून प्राचीन काळी विमाने होती असे ठरविण्याचा मोह आवरलेला बरा. आमच्या विषयाच्या दृष्टीने भोज तेथे जे बोलतो ते गमतीचे आहे. यंत्रे कशी घडवावी याचा तपशील आपण दिलेला नाही तो अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राहावी म्हणून, असे तो म्हणतो. मांत्रिक मंत्र सांगत नाही, त्याचेही कारण हेच! ज्ञान राखून ठेवण्याची वृत्ती मंत्रवाल्याची आणि यंत्रवाल्याची सारखीच. पुष्पक विमानाचेही तसेच. त्याच्या वेगाबद्दल आपण ऐकतो, मालकीबद्दल कमी बोलतो. ते कुबेराचे, रावणाने हिसकावलेले. रामाने त्यातून अयोध्येला येऊन ते कुबेराकडे परत पाठविले. कथेतली अद्भुत वस्तू कोणाच्या तरी हातात असते आणि कोणाच्या तरी हातून गेलेली असते.

हिंदीत देवकीनंदन खत्रींनी १८८८ च्या सुमारास 'चंद्रकांता' लिहिली आणि तिलिस्माचे वेड लावले. खत्रींचा चकिया-नौगढच्या जंगलांतील ठेकेदारीचा व्यवसाय होता, आणि त्या रानांतले पडके किल्ले, भुयारे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांचा तिलिस्म पाहताना वाटते चेटूक, पण आत असतात कळी, चक्रे आणि कुशल कारागिरांनी रचलेले दरवाजे. ऐयाराच्या बटव्यातली बेशुद्ध करणारी पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा हीदेखील औषधेच. म्हणजे येथे यंत्र जादूचा वेष घेऊन येते. पुढे १९७३ मध्ये आर्थर क्लार्क यांनी पुरेशा पुढारलेल्या तंत्रज्ञानाला जादूपासून वेगळे ओळखता येत नाही अशा अर्थाचा नियम मांडला, आणि तो आता जिकडेतिकडे सांगितला जातो. तो खोटा नाही. पण लेखकाला त्याचा उपयोग बेताचाच. कारण तो पाहणाऱ्याच्या अज्ञानावर उभा आहे. अज्ञान फिटले की गंमत संपते. पळसदेवच्या माणसाला धरण कसे चालते हे चांगले ठाऊक आहे, आणि तरीही पाण्यातून शिखर वर आले की तो हात जोडतो. हे क्लार्कच्या नियमात बसत नाही.

ते बसते दादासाहेब फाळक्यांच्या कामात. फाळके जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठी स्वतःचे नाव उलटे फिरवून त्यांनी घेतलेले 'प्रोफेसर केळफा' हे नाव प्रसिद्धच आहे. चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी लोकांना काय दाखविले? कुंडीत पेरलेला वाटाणा. कॅमेरा एका जागी रोवून, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत त्यांनी रोपाची वाढ टिपली आणि ती पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखविली. गारुडी आंब्याची कोय पेरून पाहता पाहता झाड उगवतो, तोच हा खेळ. फरक एवढाच, की गारुड्याचा खेळ हातचलाखीचा, आणि फाळक्यांचा वाटाणा खरोखर उगवलेला. त्या क्षणांमागे त्यांचे कितीतरी दिवसांचे कॅमेऱ्यापुढे बसणे होते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लागला, 'लंकादहन' १९१७ मध्ये. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांनी एक असे काही केले की ते कळल्यावर मी थक्क झालो. कृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले होते. चित्रपटाच्या आरंभी ते तिला आधी एक लहान मुलगी म्हणूनच दाखवितात, चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणताना. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. म्हणजे युक्ती आधी उघड केली आणि देव मागाहून आणला! आणि तरीही लोक त्या पडद्यापुढे भक्तिभावाने बसत. झाकणे हेच जादूचे बळ असे आपण समजतो. फाळक्यांनी पडदा वर करून ठेवला, आणि काही बिघडले नाही.

आता पळसदेवला येतो. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले, आणि मागे पसरलेल्या पाण्यात इंदापूर तालुक्यातल्या नदीकाठच्या अनेक गावठाणांबरोबर जुने पळसदेव गेले. गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला नव्याने वसले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ होते तेथेच राहिले. पाणी उतरू लागले की प्रथम शिखर दिसते, आणखी उतरले की मंडप, आणि दुष्काळी वर्षी तर माणसे चिखल तुडवीत थेट देवळात जातात. उजनीच्या साठ्याची मोजणीही मोठी विलक्षण आहे. एकूण सुमारे एकशे सतरा टीएमसीपैकी सुमारे त्रेसष्ट टीएमसी 'मृत साठा' धरला जातो. उपयुक्त पाणी संपले की धरण शून्य टक्क्यावर येते, आणि त्याच्याही खाली गेले की 'उणे'. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. चहाच्या टपरीवर माणसे सहज म्हणतात, "धरण मायनसमध्ये गेलं, आता देऊळ दिसंल." मृत पाणी, शून्याच्या खालचे पाणी, आणि त्या खालच्या पाण्यातून उघडे पडणारे देऊळ : हे कोणा कादंबरीकाराने योजले असते तर आपण त्याला दाद दिली असती. येथे ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येते.

पाणी मागे हटू लागले की काठावरच्या शेतकऱ्यांची निराळीच धांदल सुरू होते. पाण्यामागोमाग मोटारी पुढे सरकवाव्या लागतात. पाइप जोडायचे, केबल वाढवायची, गाळातून चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. माझे चुलते दर वेळी मोटर नव्या जागी बसवली की नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात आणि मग स्टार्टर दाबतात. फ्यूज गेला तर मात्र नवस बोलत नाहीत, टेस्टर काढतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच सकाळच्या. बोअर घेतानाही असेच. आधी पाणाडी येतो. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानभर फिरतो. जेथे नारळ उभा राहील तेथे 'पॉइंट'. काही पाणाडी दुबेळक्याची काठी धरतात. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाला पाणी दिसते, अशीही समजूत आहे. मग बोअरची गाडी येते आणि फुटाच्या भावाने खाली जाते. पाणाड्याचा नारळ खरोखर पाणी दाखवितो याला शास्त्राचा आधार नाही, आणि या लेखातून तसे कोणी समजू नये. परंतु कथालेखकाने पाहावयाचे ते वेगळे आहे. पाणी लागले नाही तर बोअरवाला फुटाचे पैसे सोडत नाही. पाणाडी दुसरा पॉइंट सांगतो. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज तेवढे राहते. म्हणजे मंत्र आणि यंत्र दोघांचीही चूक एकाच्याच खात्यावर मांडली जाते.

येथे मला सरांच्या प्रश्नाचा अर्थ लागला. मी माझ्या कथेत मंत्र आणि यंत्र यांचे नाते कसे 'समजावून' द्यावे याची खटपट केली होती. मंत्राच्या ध्वनिलहरींनी इंजिनाचा दट्ट्या हलतो, असे काहीतरी दोन पाने लिहिले होते. पण स्पष्टीकरणाने ही जुळणी होत नाही. कथासरित्सागर काही समजावीत नाही, माझे चुलतेही समजावीत नाहीत. दोन्ही गोष्टी एका जगातल्या आहेत हे वाचकाला पटते ते त्यांचा हिशेब एकाच वहीत आहे हे दिसल्यावर. शक्ती मंत्राची असो की वाफेची, ती कोठून तरी येते, कोणाच्या तरी ताब्यात असते, कोठेतरी अपुरी पडते, आणि तिची किंमत कोणीतरी मोजतो. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ च्या कादंबरीत जादूगारांना हेच आधी शिकवितात. एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला, तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. तिच्या समुद्रातल्या बेटांचे हे शास्त्र भीमेच्या खोऱ्यात कोणाही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वरून पाणी किती सुटले आणि खाली किती गेले, याचाच येथे वाद असतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे दोन हजार आठशे कोटी. मी ते एकशे सतरा वेळा एका ओळीत नाहीसे केले होते.

आणि त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा दिसली. माझ्या कथेत गाव फुकट परत आले होते. माझी आजी त्या गावात लग्न होऊन आली. तिचे पहिले घर पाण्यात आहे. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही तिला देऊळ पाहावयास घेऊन गेलो. पुण्याहून आलेली मंडळी फोटो काढीत होती. आजीने देवळाला हात जोडले आणि ती तशीच उन्हात पुढे चालू लागली. गाळात दगडांची एक ओळ दिसत होती, तेथे थांबून म्हणाली, "हितं उंबरा होता." मला तेथे फक्त दगड दिसले. ज्या गोष्टीला तिने चार दशके दिली, ती मी दोन पानांत, एका मंत्राने, कोणाला काही न द्यावे लागता परत केली होती. तिने ती कथा वाचली असती तर ती काही बोलली नसती. हसली असती फक्त. मला आता त्याचीच लाज वाटते.

तेव्हा मी कथा पुन्हा लिहावयास घेतली आहे. मांत्रिक ठेवला आहे, इंजिनवाला पोरगाही. पण आता त्या दोघांना मिळून सगळे गाव उचलता येत नाही, एकच घर उचलता येते, आणि तेही तासाभरापुरते. तेवढे पाणी त्यांना कोणाकडून तरी मागून घ्यावे लागते, कारण तासभर दुसऱ्या कोणाची तरी मोटर कोरडी पडणार असते. ज्याची पडणार त्याने 'हो' म्हटल्याशिवाय मंत्र चालत नाही, असा नियम घातला आहे. इंजिन डिझेलवर चालते आणि तापते. मांत्रिकाला एकेका घरासाठी स्वतःची एकेक आठवण द्यावी लागते, त्यामुळे गावातली जितकी घरे तो वर आणतो तितके गाव तो स्वतः विसरत जातो. हा शेवटचा भाग सरांना पसंत पडला. इंजिनाबद्दल मात्र ते म्हणाले, "दट्ट्याची दोन पानं काढून टाक."

कथा अजून पुरी व्हायची आहे. अडले आहे ते एका जागी. घर तासभर वर आल्यावर म्हातारी तेथे काय करील, हे मला लिहिता येईना. शेवटी आजीलाच विचारले, "आजी, जुनं घर तासभर मिळालं, तर काय करशील?"

ती तांदूळ निवडीत होती. म्हणाली, "आरं, तासात काय व्हतंय? सारवायलाच तेवढा वेळ जाईल." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "पाणी कुणाचं घेणार म्हणालास?"

मी म्हणालो, "धाकट्या चुलत्यांच्या मोटारीचं."

"त्याचा ऊस हाय औंदा," ती म्हणाली, आणि पुन्हा सुपात पाहू लागली.